गायरानातला करपलेला पट्टा

हे खरं घडलंय. तुम्हाला पटावं म्हणून मी कुणाच्या गळ्याची शपथ घेणार नाही. जिच्यावर हे बेतलं, ती बाई आजही एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात गावची गुरं चारते. तिनंच मला हे सांगितलं. गावाचं नाव तेवढं विचारू नका.

आणि हो, अमावस्येची रात्रबित्र काही नव्हती.

पोळा होऊन गेला होता. भर दुपार होती. डोक्यावर लख्ख ऊन होतं...

बाईचं नाव मंगली. तिचा नवरा लच्छू गावचा ढोरकी, म्हणजे सगळ्या गावाची गुरं रानात नेणारा. उन्हाळ्याच्या तोंडाला तो मिरची तोडायला तेलंगणात गेला.

गेला तो गेलाच.

निरोप नाही. फोन नाही.

"वहिनी, मी सोता गाडीत बसवून देलं त्याले," लच्छूचा धाकटा भाऊ मुखरू सांगायचा. मग एक दिवस, सांगू की नको असं करत, तो म्हणाला की गाडीत लच्छूच्या शेजारी एक बाई बसली होती...

मंगलीचं काळीज फाटलं. असा कसा हा माणूस! भांडण नाही, तंटा नाही, आणि सरळ दुसरीचा हात धरून चालता झाला. तिनं त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली. त्याचा एक सदरा घरात उरला होता, तो चुलीत घातला. त्या दिवसांत तिला आधार कुणाचा होता, तर मुखरूचा. त्यानं लाकडं फोडून दिली, घर शाकारून दिलं.

"तुमी हाव म्हनून मी जित्ती हावो, भाऊजी," ती म्हणायची.

लच्छूची काठी तिनं उचलली आणि गुरं तीच नेऊ लागली.

पावसानं गायरान हिरवंगार झालं. फक्त सागवनाच्या कडेला एक पट्टा तेवढा पिवळा पडला. मग तांबूस झाला. मग करपला.

गुरं तिथलं गवत खात नव्हती.

पण तिथून हलतही नव्हती...

दुपार झाली की सगळा कळप तिथे गोळा व्हायचा. माना खाली. गळ्यातल्या लाकडी घंट्या गप्प. पाखरूही बोलायचं नाही. एकच आवाज यायचा...

खरखर... खरखर...

गुरं माती चाटत होती.

मंगली काठीनं हाकलायची, ती फिरून तिथेच यायची. एक म्हातारी गाय तर पट्ट्याच्या एका टोकाशी उभी राहायची आणि तेवढीच जागा चाटायची. हळूहळू. वासराला चाटावं तशी. झोपलेल्या माणसाचं कपाळ जिथे असेल, तिथे... पण हे मंगलीला तेव्हा सुचलं नव्हतं.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातून रंजीता मॅडम लस टोचायला आल्या, तेव्हा मंगली त्यांना घेऊन गायरानात गेली. मुखरूही मागोमाग आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"धूळ हाय मॅडम, ट्रकाची," तो घाईघाईनं म्हणाला. "सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या रस्त्यावून उडून येते, लाल लाल."

मॅडम खाली बसल्या. एक पान बोटांत चोळून पाहिलं. बोटं लाल झाली नाहीत.

"धूळ असती तं सारंच गायरान माखलं असतं, भाऊ."

पांढऱ्या रुमालानं गवत पुसलं. तांबेरा रोगाची भुकटी रुमालावर उतरली नाही. मग गवताचा झुपका मुठीत धरून ओढला. हुमणीच्या अळीनं मुळं खाल्ली असती, तर झुपका अलगद हातात आला असता. तो जागचा हलला नाही. मुळं जमिनीत पार घट्ट बसलेली होती.

पण पानं टोकाकडून जळलेली होती. मॅडमनी मातीचा खडा उचलून जिभेला लावला आणि थुंकल्या.

"मीठ हाय हे. पावसानंबी गेलं नाई, म्हन्जे लई असंन. इथी कोनी मीठ पुरलं काय?"

मंगलीला आठवलं.

लच्छू पहाटे घरून निघाला, त्याच दिवशी सकाळी मागाहून मुखरू तिच्या दारात आला होता. मीठ मागायला. बकरीच्या कातड्याला लावायचंय म्हणाला. तिनं वर्षाच्या बेगमीचं खडेमिठाचं पोतं दिलं. वरून चहाही पाजला.

आणि त्यांच्या घराण्यात माणूस गेला की पुरतात. पुरताना मीठ घालतात. मिठाशिवाय माती देत नाहीत...

तिनं मुखरूकडे पाहिलं. तो सागांकडे बघत होता.

"भाऊजी, कुदळ आना."

"काऊन? देवाची जागा हाय, वहिनी. खोदू नोका."

"आताच तं धूळ म्हनत होते."

कुदळ तिनंच आणली. गाव जमलं. मुळं तोडता तोडता घाम निघाला. पावसाळा लागल्यापासून तिथे कुणाचा हात लागला नव्हता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

खाली मीठ लागलं. ओलं, गोठलेलं, काळपट.

मीठ बाजूला केलं, तर खाली खड्डा. माणसाच्या मापाचा. कडा ताज्या खणल्यासारख्या नीट...

आणि आत कुणी नाही.

लोकांच्या जिवात जीव आला. कुणीतरी मंगलीला म्हणालंही, "पाह्य बाई, उगाच संशय घेतलास. नवरा तिकडं मजा करून राह्यला तुया."

तेवढ्यात मुखरू खड्ड्यात उतरला.

गुडघ्यावर बसला. दोन्ही हातांनी तळाचं मीठ उपसायला लागला. नखांतून रक्त आलं, तरी थांबेना.

"इथीच होता... मी इथीच ठेवलो होतो त्याले... कुठी गेला? कुठी गेला तो?"

मग सगळं बाहेर आलं.

शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडाच्या मालकीवरून दोघा भावांची बोलाचाली झाली होती. मुखरूच्या हातात कुऱ्हाड होती. सख्ख्या भावाच्या मानेवर ती चालवताना हात थरथरला नाही, पण त्याला मिठाशिवाय मातीत घालायची हिंमत झाली नाही. आणि त्यासाठी मीठ आणलं कुठून, तर त्याच्याच बायकोकडून.

"मायाच हातानं मीठ नेलं, भाऊजी?" मंगली एवढंच म्हणाली. "मायाच हातानं?"

पोलीस मुखरूला घेऊन गेले. गायरान पालथं घातलं, नाला शोधला. लच्छू सापडला नाही. आजतागायत नाही.

मी तिला भेटायला गेलो, तेव्हा दिवस कलला होता. गुरं गायरानात पसरली होती. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "इथी यायले भेव नाई वाटत?"

तिनं बोट ओठांवर ठेवलं.

सगळ्या गुरांनी एकदम माना वर केल्या. कान सागवनाकडे...

मला काही ऐकू येत नव्हतं. खरं सांगतो, काहीच नाही. पण एक गाय तिकडे निघाली. थोड्या वेळानं दुसरी. मग तिसरी. एकेक करून, जणू कुणी नाव घेईल तशी.

"त्याचाच आवाज हाय," मंगली पुटपुटली. "एकेकीले नावानं बलावते."

शेवटचं वासरूही गेलं. गायरान मोकळं झालं.

मंगली तशीच उभी. डोळे झाडांकडे, श्वास रोखलेला. ती कशाची वाट बघते ते आत्ता मला कळलं.

बराच वेळ गेला.

मग तिनं काठी उचलली.

"आजबी नाई," ती म्हणाली.