दर्भाचा कावळा

सफाईचं काम मी कधी लपवलं नाही. कुठलं सफाईचं, ते लपवलं. कुणी विचारलं तर सांगायचे, लंडनला ऑफिस झाडते. स्लाऊहून पहाटेची ट्रेन, पॅडिंग्टनला उतरून बसने सोहो, आणि साडेसातला माझी बादली भरलेली. सन शहाऐंशी. आमची फॅक्टरी बंद पडली होती, आणि चौथी शिकलेल्या बाईला टेबलामागे कोण बसवतंय?

ते ऑफिस नव्हतं. घाणेरड्या सिनेमांचं थेटर होतं, तळघरातलं. दुपारी बारापासून तिथे टाय लावलेले, ब्रीफकेस घेतलेले पुरुष यायचे आणि मागे जे टाकून जायचे, ते मी सकाळी रबरी हातमोजे घालून उचलायची. थू! त्यांच्या घरी गालिचे असतील, मुलांना बूट काढून आत या म्हणत असतील.

थेटर व्हायच्या आधी तिथे नाइटक्लब होता. त्यांचा आरशांचा गोळा तसाच छताला लटकत होता, काळं फडकं बांधून. त्या क्लबात आमची वैजयंती कोट सांभाळायची.

वैजयंती माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. एकच बाथरूम, एकच स्वयंपाकघर, म्हणून बहिणीसारख्या झालो. नवरा चंद्रशेखर, मुलगी मीनल चार वर्षांची. थंडीत शंभर-शंभर कोट टांगायची ती. म्हणायची, "ताई, ओल्या लोकरीचा वास माझ्या जेवणाला पण येतो गं." आणि एकदा म्हणाली, "माझ्या खोलीशेजारी मागच्या गल्लीचं दार आहे ना, त्याला तो मेला मालक साखळी लावतो. कुणी फुकट आत शिरू नये म्हणून."

एक्याऐंशीच्या डिसेंबरात आग लागली. गिऱ्हाइकं जिन्याने वर पळाली, सगळी वाचली. वैजयंती त्या दारापाशी सापडली. दाराची दांडी दोन्ही हातांनी धरलेली. मालक पर्विस कोर्टात म्हणाला, दार उघडंच होतं, बाई पर्स आणायला मागे गेली. साखळी? कसली साखळी?

मला माहीत होती कसली. मी चंद्रशेखरला म्हटलं, "मी सांगते कोर्टात."

"शशीताई, पाया पडतो," तो म्हणाला. "आपल्या लोकांत सगळे समजतात ती हॉस्पिटलात कामाला होती. बायको नाइटक्लबात धाडत होता म्हणतील. मीनलचं लग्न व्हायचंय उद्या."

चार वर्षांच्या पोरीचं लग्न! आणि मी... मीही गप्प बसले. तो राग अजून उतरलेला नाही. त्याच्यावरचा नाही, माझ्यावरचा.

दहाव्याला बागेत पिंड ठेवला. गुरुजी एजवेअरहून आलेले, दिवसा बँकेत कामाला, जेवणाच्या सुट्टीत विधी. कावळा होता, नव्हता असं नाही. समोरच्या दिव्याच्या खांबावर बसून बघत होता. शिवत नव्हता. आपल्याकडे अशा वेळी हात जोडून मोठ्याने विचारतात, तुझी काय इच्छा राहिली, आम्ही पुरी करू. मी तोंड उघडलं, तेवढ्यात चंद्रशेखरने माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचाही चालतो," म्हणाले. गवताची काडी वळून कावळा केला, पिंडाला टेकवला, झालं. चला घरी.

खांबावरचा कावळा तसाच बसून होता.

वर्षभरात चंद्रशेखरने दुसरं लग्न केलं. मीनल माझ्याकडे राहिली.

मग मी त्याच जागी झाडू मारायला का गेले? एजन्सीने कागदावर पत्ता दिला, तो मी दोनदा वाचला. पण नाही म्हणाले नाही. वाटलं, एकदा बघू तरी.

कोटांची खोली पाडून तिथे शेवटची रांग बसवली होती. सिनेमाच्या खुर्च्या माहीत आहेत ना? माणूस उठला की सीट आपोआप वर जाते. सकाळी दोनशे सीटा वर असायच्या. एक सोडून. शेवटच्या रांगेतली, मागच्या दाराजवळची. ती खाली. कुणी बसलं असावं तशी... दबून.

पहिल्या दिवशी मी ती हाताने उचलली. रेडा उचलावा तशी जड. सोडली की सावकाश खाली. स्प्रिंग गेली असेल म्हणून पुढे झाले. तळघराला खिडकी नाही. बाहेर सकाळचे आठ, आत चार पिवळे बल्ब, आणि सिगारेट, फिनेल, त्या पुरुषांचा घाम यांच्या खालून येणारा एक वेगळा वास. करपलेली लोकर. केस जळावेत तसा.

मग दार पाहिलं. दांडीभोवती साखळी. नवी, चकचकीत. कुलपासकट.

माझं डोकं फिरलं. थेटरही पर्विसचंच. तो वर ऑफिसात चहा पीत होता. म्हटलं, "मिस्टर पर्विस, चेन. डाउनस्टेअर्स. टेक ऑफ."

"तू फक्त पोछा मार, लव्ह," तो हसला. "माणसं मागून फुकट शिरतात."

तेच वाक्य. बाई जळून मेली आणि ह्याच्या तोंडात तेच वाक्य!

मी खाली आले. डब्यात दहीभात होता. त्यातला घास खुर्चीच्या हातावर ठेवला आणि पाच पावलं मागे सरले. लाज वाटत होती, अशा घाणीत... पण ती मेली त्याच जागी ना? हात जोडले.

"वैजू, मीनलला मी सांभाळतेय. शिकवीन तिला."

काही नाही. वर पंखा घरघरत होता.

"तुझ्या आईला पत्र पाठवते."

काही नाही. वास वाढला. घशात बसला.

"चंद्रशेखरला माफ कर. मला... मलाही कर."

सीट खालीच. मग मला माझाच राग आला. काय मागायचं ते ती पाच वर्षं त्या दाराशी बसून मागत होती, आणि मी आईचं पत्र देत होते!

"साखळी काढते," मी ओरडले. "परत लागू देणार नाही. कधीच."

कर्र... सीट वीतभर वर आली. आणि तिथेच थांबली. अधांतरी. जणू म्हणत होती, आधी करून दाखव.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून बोल्ट कटर नेला, शेजारच्या सरदारजींचा. लांब दांड्यांचा. घास अजून तिथेच होता, सीट अधांतरी. सगळा भार टाकून दाबला तेव्हा कुठे कडी तुटली. साखळी खाली पडली आणि माझ्या पाठीमागे फट् आवाज झाला. मी वळले नाही लगेच. वळले तेव्हा सीट वर गेली होती आणि भाताचा घास तिथे नव्हता. उंदीर असेल. तिथे उंदीर होतेच.

पर्विसने मला हाकललं. मी मीनलला टेबलाशी बसवलं आणि फायर ब्रिगेडला पत्र लिहून घेतलं, तिच्या शाळेतल्या गोल अक्षरात. कुणासाठी, ते तिला सांगितलं नाही. नऊ वर्षांची होती. नंतर सांगू, म्हटलं. इन्स्पेक्टर आला, दंड झाला, साखळी परत लागली नाही. पुढे घरोघरी व्हिडिओ आले, थेटर बंद पडलं, पर्विसही मेला. मी म्हटलं, संपलं.

आता शहाण्णव साल. मीनल एकोणीसची, कॉलेजात. आई आगीत गेली एवढं तिला ठाऊक आहे. कुठल्या आगीत, हे मी अजून सांगितलेलं नाही. नंतर, नंतर म्हणत राहिले. दर्भाचाच कावळा हाही.

आज संध्याकाळी ती नाचत घरी आली.

"मावशी, मला जॉब मिळाली! वीकेंडला. सोहोमधे नवा क्लब उघडतोय, बेसमेंटमधे. क्लोकरूम. फक्त कोट हँग करायचे, इझी."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. "कुठला बेसमेंट?"

"आधी डर्टी सिनेमा होता म्हणे, ईऽ! सगळे सीट्स काढले त्यांनी, पण एक जुना खुर्ची ठेवलाय माझ्या कोपऱ्यात, बसायला. मॅनेजर म्हणाला ब्रोकन आहे, उचलला तरी खालीच येतो." ती हसली. "मी ट्राय केलं. इतका जड, मावशी, कुणीतरी बसलंय असं वाटतं."

दाराला साखळी आहे का, हे मी तिला विचारलं नाही. गॅस बंद केला. जिन्याखालून बोल्ट कटर काढला, सरदारजींना मी तो परत केलाच नव्हता. मग तिला म्हटलं, "कोट घाल. मीपण येते. ट्रेनमध्ये तुला तुझ्या आईचं सांगायचंय."

तिने खुंटीवरचा कोट काढला, बाहीला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, हे बघ ना... सकाळी तर ड्राय-क्लीनरकडून आणला होता."

बघायची गरज नव्हती. स्वयंपाकघरभर करपलेल्या लोकरीचा तो वास पसरला होता.