बिनशेपटीची पिल्लं

एवढं झोकात तळं बांधून दिलं, तरी बेडकांचं एकही पिल्लू त्यात दिसू नये? मालूआत्याला हे कोडं काही सुटेना. नीलमाड बेटावरचे हे सोनटिपके झाडबेडूक जगात दुसरीकडे कुठेच नव्हते. आता तेही फक्त आत्याच्या काचघरातल्या जंगलात, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पावसाळा सरत आला होता. यंदा पिल्लं झाली नाहीत, तर अख्खी जातच संपणार होती.

"नर तर घसा फाटेस्तोवर ओरडतात. मग अंडी जातात कुठे?" सुट्टीला आलेल्या ऊर्वीने विचारलं.

"यांची अंडी आजवर कुणी पाहिलीच नाहीत गं. ते कळलं असतं तर मी अशी डोकं धरून बसले असते का?"

तेवढ्यात टोपली भरून ठमा खडखडत आली. ठमा म्हणजे आत्याचं सफाईचं यंत्र. आत्याला अंगणातच काय, काचघरातही एक पान पडलेलं खपायचं नाही; तीच शिस्त तिने ठमालाही लावली होती.

ऊर्वीने टोपलीत डोकावलं. एका ओल्या पानाला भिजल्या साबुदाण्यासारखे मणी चिकटले होते. तिने भिंग धरलं आणि ती किंचाळलीच, "आत्या, आत पाय हलतायत!"

आत्या धावली. पाहिलं मात्र, तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं, हा तर थेट विकास (शेपटीचं बालपण अंड्यातच उरकून सरळ बेडूकच बाहेर येणं)!"

"पाण्याशिवाय?"

"यांचं बेट म्हणजे उभा डोंगर. पावसाचं पाणी धावतं समुद्राकडे, डबकी साठणार कशी? म्हणून अंड्यातच भरपूर बलक (पिल्लाची शिदोरी) असतो. ओलावा देतात ही कुजकी पानं. आणि आपण ती रोज झाडून फेकत होतो!"

"म्हणजे तळं नको, पाचोळा हवा!"

ठमाची सफाई तिथल्या तिथे थांबली. पान अलगद जागेवर गेलं, आणि आता ठमा झाडण्याऐवजी पाण्याचे तुषार उडवू लागली.

एका सकाळी अंडी फुटली. तांदळाच्या दाण्याएवढा बेडूक टुणकन ऊर्वीच्या अंगठ्यावर बसला. ऊर्वी मोजू लागली. मग दुसरा, तिसरा... सगळा पाचोळाच उड्या मारू लागला.

"जिंकलो गं!" आत्या हसतही होती, रडतही होती. "पुढच्या वर्षी यांना खऱ्या डोंगरावर सोडायचं!"

"थांब ना आत्या, माझा आकडा चुकला!"

"चुकू दे बाई, खुशाल चुकू दे! यांचा आकडा चुकावा म्हणूनच तर मी इतकी वर्षं इथे बसलेय."