कोल्ड स्टोरेजमधली ओ

२००५च्या जानेवारीत, त्सुनामीला महिना व्हायच्या आत, संपादकांनी मला बातमीसाठी दिंडोरीला पिटाळलं. ललित गायधनी हा आपल्या नाशिकचा भूगर्भशास्त्रज्ञ. चिलीच्या किनाऱ्यावरच्या दलदलीत नळ्या ठोकून त्याने माती काढून आणली होती. काळ्या चिखलात वाळूचा पट्टा दिसला, की तिथे कधीतरी त्सुनामीची लाट घुसलेली असते. ही माती थंडीत ठेवावी लागते. शहरातल्या एकाही संस्थेने या माणसाला खोली दिली नाही. सत्काराच्या शाली मात्र भरपूर दिल्या. शेवटी नळ्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवल्या, आणि आता हंगाम तोंडावर आला म्हणून मालक त्या बाहेर फेकणार होता.

भरदुपारी ललित आणि मी आत गेलो. दाराशी नवसाबाई उभी होती, तिथली जुनी कामगार. दार लावण्याआधी आत हाक मारायची, कोणी ओ दिली नाही तरच कडी घालायची, हा तिथला शिरस्ता.

"पहिल्या लाटेतून बरेच जण वाचतात," ललित सांगत होता. "पाणी ओसरलं की सामान आणायला परत जातात. मग दुसरी येते."

तेवढ्यात लोडशेडिंग झालं. पंखे थांबले. अंधारात पायांवरून गार पाणी सरकलं... आणि सरसरत मागच्या भिंतीकडे ओढलं गेलं. खारट, कुजक्या मासळीचा वास सुटला. आम्ही धडपडत बाहेर आलो. माझे बूट निथळत होते.

"पाईप फुटला आसंल, भाऊ," नवसाबाई म्हणाली.

"माझ्या नळ्या!" ललित वळला.

मी त्याची बाही धरली. "अरे, आत्ता काय सांगत होतास?"

"साहेब, दिंडोरीला समुद्र कधी आला? छापा की मग, पहिल्या पानावर!" हसत तो आत शिरला.

नवसाबाईने हाक दिली. "आत कोन हाय?"

"मीच! आलो!"

जरा वेळाने तिने पुन्हा विचारलं.

"आलो..." आवाज लांबून आला. मग आणखी लांबून, डोंगरापलीकडून यावा तसा. खोली तर जेमतेम एका ट्रकएवढी...

वीज आली. नळ्या जागच्या जागी होत्या. ललित नव्हता. त्या खोलीला दुसरं दार नाही. पोलीस 'स्वतःहून निघून गेला' असं लिहून मोकळे झाले. मी फौजदाराशी भांडलो, पेपरात झोडपलं. काही हललं नाही.

त्या खोलीत पुन्हा द्राक्षं भरली नाहीत; चिलीच्या नळ्या अजून तिथेच आहेत. नवसाबाईने तिला आजवर कडी घातलेली नाही. ओ येते म्हणून. परवा गेलो, तर तिने मला दारापर्यंत येऊच दिलं नाही.

"ललितभाऊ आता जवळून बोलत्यात," ती हळूच म्हणाली. "पर एकले नाय. लय मानसं हायेत संगं... आनि त्यांची बोली मला कळंना."