सरळ कडेची सावली

अकोल्याच्या एका दवाखान्यात देवमन एक्स-रे काढायचा. एकसष्ट सालच्या भाद्रपदातली एक दुपार. वॉर्डातून चिठ्ठी आली तसं त्यानं पातूरच्या सत्यभामाबाईंना प्लेटीपुढं उभं केलं.

"छाती प्लेटीले दाबून धरा, बाई. दम रोका."

बाईंना दमच रोखता येईना. कोरडा खोकला एकसारखा उसळायचा. उजव्या खांद्याखालची कातडी करपल्यासारखी काळवंडली होती.

"नागपूरले शेक घेतला का?"

"हो भाऊ. छातीतल्या गाठीवर, मशीनचा. तीन मयने झाले. आता डाक्टर टीबी म्हनून राहिले."

देवमनचा हात थबकला. चैत्रात इंदूबाई अशीच आली होती, असाच शेक घेऊन, असाच खोकला घेऊन. नागपूरच्या त्या मशीनवर देवमननं दोन वर्षं काढली होती. किरण जिथं सोडायचे ती चौकट तोच शाईनं आखायचा. इंदूबाईच्या फुप्फुसावरची सावली थेट त्या चौकटीएवढी होती, हे त्यानं तेव्हाच ओळखलं होतं. पण फिल्मवाल्यानं डॉक्टरांपुढं काय बोलायचं? तो गप्प राहिला. टीबीची इंजेक्शनं घेत घेत बाई गुदमरून गेली.

सत्यभामाबाईंची फिल्म घेऊन तो डार्करूममध्ये शिरला. आतून कडी लावली. लाल दिवा, औषधाचा आंबूस वास, नळाचं थेंब थेंब पाणी. त्यानं फिल्म बुडवली, आणि पाठीमागं कुणीतरी खोकलं.

"कोन हाये?"

काहीच नाही. पाणी तेवढं ठिबकत होतं. मग पुन्हा खोकला... आता अगदी कानाशी. मानेला गार श्वास लागला. मागं वळायचं त्याला धाडस होईना.

"भाऊ..." आवाज इंदूबाईचा होता. "तुमाले तं दिसलं होतं... काहून बोलले नाई?"

त्यानं फिल्म लाल दिव्यापुढं धरली. तिच्यावर हळूहळू सावली उमटली. वर, उजवीकडं. कड सरळ.

ओली फिल्म तशीच धरून तो डॉक्टरांच्या खोलीत गेला.

"साहेब, हा टीबी नाई. रोग पट्टी धरून रेघ मारत नाई. हे शेकाची चौकट हाये."

डॉक्टर आधी भडकले. मग फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ पाहत राहिले. "थुंकीत जंतू सापडले नव्हतेच," ते पुटपुटले. "किरणांनी फुप्फुसाची जाळी सुजते, देवमन. सूज आहे तोवर कॉर्टिसोन लागू पडेल. तीच जाळी आटून घट्ट झाली की मग काही हाती राहत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि ती चैत्रातली बाई?"

"तिचीबी अशीच होती, साहेब. मी बोललो नाई."

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी त्याला दोष दिला नाही, पण वरही पाहिलं नाही.

नागपूरहून गोळ्या आल्या. आठवड्याभरात सत्यभामाबाईंना पडून झोप लागू लागली. मग डॉक्टरांनी गोळ्या एकदम न तोडता बेतानं कमी केल्या. दिवाळीच्या आधी बाई स्वतःच्या पायांनी चालत तपासणीला आल्या. देवमननं पुन्हा फिल्म काढली. खोलीत ते दोघंच. दार बंद.

फिल्म चांगली आली. सावली विरली होती, मागं एक बारीक चट्टा तेवढा राहिलेला. डॉक्टर हसले. मग त्यांचं बोट फिल्मवर थांबलं.

"हात का मध्ये आणू दिलास?"

देवमननं वाकून पाहिलं. बरगड्यांवर पाच बोटांची हाडं पसरली होती. बाईंचे दोन्ही हात तर त्यानं स्वतः कमरेवर ठेवले होते.

वस्तू प्लेटीला जितकी जवळ, तितकी तिची छाया रेखीव. या बोटांचं पेरन् पेर लख्ख दिसत होतं. बरगड्यांहूनही लख्ख. म्हणजे तो हात छाती आणि प्लेटीच्या मधे होता, जिथं कागदही सरकत नाही.

बाहेर सत्यभामाबाई आयाला सांगत होत्या, "मशीनपाशी लय गार वाटलं, माय... पन छातीतलं दुखनं कोनी काढून नेल्यावानी गेलं."