झारा परकारचं तिसरं गाणं

दुबईत रास अल खोरच्या गोदामांमध्ये, एका टायरवाल्याच्या दुकानावर, निनाद कर्णिकचं छोटं वर्कशॉप होतं. जुन्या टेपा कम्प्युटरवर उतरवून द्यायच्या, हा त्याचा धंदा. त्या शनिवारी सकाळी भंगारातून आलेल्या एका टेपेच्या डब्यावरचं नाव त्याने वाचलं आणि तो उडालाच. झारा परकार, १९७८.

"मैथिली, झारा सापडली!" त्याने घरी बायकोला फोन लावला.

"कोण झारा? आणि नाश्ता केलास का?"

झारा म्हणजे दाभोळची मुलगी. दुबईच्या हॉटेलांत सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, गाणारी पहिली हिंदुस्थानी बाई, असं संग्राहक सांगत. काळजाच्या तळातून उठणारा, जरासा खरखरणारा आवाज. दोनच रेकॉर्डी निघाल्या. तिसऱ्या गाण्याच्या वेळी ती गेली.

निनादने टेप चढवली.

"टेक फोर," चौथ्या खेपेचा आकडा सांगून झारा गाऊ लागली. शेवटचा वरचा सूर मात्र फाटला. त्याने टेप मागे नेली, पुन्हा लावली.

"टेक फाइव्ह."

आपलंच काही चुकलं म्हणून त्याने टेप पार पहिल्या टोकापर्यंत गुंडाळली. जेमतेम सहा मिनिटांची टेप, एकाच गाण्यापुरती.

"टेक सिक्स."

सूर आता क्षणभर टिकला. निनादच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीतीचा नव्हे. बाई त्याच्या डोळ्यांदेखत गाणं घडवत होती! सातव्याला तिने एक ओळ लांबवली. आठव्याला तिथेच असा काही हुंकार भरला की तो खुर्चीतून उठून येरझाऱ्या घालू लागला. नवव्याला मात्र दोन ओळींमध्ये तिचा श्वास ऐकू आला. दमलेला.

झाराची थोरली बहीण रशीदा शेजारच्या अजमानला राहायची. तिचा नंबर त्याच्याकडे होता.

"चारच टेक झाले होते, बेटा," सगळं ऐकून ती म्हणाली. "मी तिथेच होते. पाचव्याआधी ती जरा खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही."

"खाला, मी आत्ता नववा ऐकला."



"मला घेऊन जा. तोवर लावू नको."

दुपारी चारला तो तिला घेऊन आला. ऐंशी उलटलेली बाई जिना एकेक पायरी चढली, स्पीकरसमोर बसली. निनादने बटण दाबलं.

"टेक टेन."

या वेळी सूर लागला. लख्ख लागला, आणि तसाच तरंगत राहिला. निनादच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मग टेपमधून धापा टाकत आवाज आला, "आता बरं झालं का?"

निनाद गोठला.

"झालं गं," रशीदा स्पीकरला म्हणाली. "लई छान झालं. चल आता घरी."

खुर्ची सरकल्याचा आवाज. चपला. त्या जवळजवळ येत गेल्या.

टेप संपली.

निनादने तिला हात धरून खाली आणलं. येताना गाडीत ती त्याच्या शेजारी पुढे बसली होती. आता तिने मागचं दार उघडायला लावलं.

ती बसली. निनाद दार लावायला वाकला.

"थांब जरा," म्हणत रशीदा पलीकडच्या खिडकीकडे सरकली.