वाऱ्याच्या झाडाला सांगितलेलं नाव

परवा रात्री जेवताना उतिआमा सहज म्हणाली, "मावशी, यंदा तुझ्याऐवजी मी जाते कड्यावर. सामान ठेवून यायचंच तर आहे." माझ्या गुडघ्यांना आता उतारसुद्धा सोसत नाही, चढणं तर लांबच, आणि ते तिला दिसत होतं. मी "बघू" म्हणून विषय मोडला. रात्रभर मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. काल संध्याकाळी ती शिकवते त्या शाळेतून आली, तिनं हातपाय धुतले. मी कंदील लावला, घेवड्याची टोपली दोघींच्या मध्ये ठेवली आणि म्हटलं, "निवडता निवडता ऐक. मध्ये बोलू नकोस."

हे मी तिला वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मी तसा शब्द दिला होता. पण शिताइमाला जाऊन तीन वर्षं झाली. पोरगी कड्याकडे निघाली असताना तो शब्द घेऊन काय चाटायचंय?

शिताइमाच्या हातात मुळात काहीच नव्हतं. तिनं कापडावर भरलेलं हरीण गाढवासारखं दिसायचं आणि तिची सासू ते चारचौघींत फिरवून दाखवायची. एकदा फार लागलं तिला, आणि तिनं वाऱ्याच्या झाडाला नवस बोलला. आमच्या डोंगरात बायका भरतकामासाठी बोलतात, पुरुष व्हायोलिन वाजवता यावं म्हणून. त्या झाडाचं खरं नाव दिवा लागल्यावर घेत नाहीत, मीही घेणार नाही. पाच वर्षं, दर वर्षी एकदा कड्यावर त्या झाडापाशी जायचं. पाच दिवस आधी मीठ सोडायचं. बाण, मण्यांनी मढवलेली भोपळ्याची वाटी आणि मेणबत्ती खडकापाशी ठेवायची, आपलं नाव सांगायचं आणि न बसता परत फिरायचं. वारा पाठीवर हवा, फुलांचा वास नाकात जाता कामा नये. एक वर्ष चुकलं तरी माणूस वेडं होतं. आपल्याला उडता येतं असं वाटून ते उंचावरून पाऊल टाकतं. आमच्या गावच्या याउशाली काकांचा सख्खा भाऊ तसा गेला, अर्ध्या गावादेखत.

हिकुरीची गोष्ट वेगळी. तो बिनकाट्यांचा निवडुंग आम्ही सगळेच खातो, वाळवंटात तीर्थाला जाऊन. मी चारदा खाल्लाय. रंग दिसतात, देव बोलतो, पोटभर रडू येतं, आणि मग माणूस आपल्या अंगात परत येतं. हे झाडही दाखवतं, पण परत सोडायचं की नाही हे ते ठरवतं.

चार वर्षांत शिताइमाचा हात असा बसला की शहरातून लोक तिचं काम बघायला येऊ लागले. मी विचारलं तर म्हणायची, "मी कुठं भरते गं ताई? कापडावर आधीच दिसतं. मी नुसती सुई मागोमाग नेते." सासूचं तोंड बंद झालं. खरं सांगते, मला बहिणीचा अभिमान वाटायचा आणि थोडी जळायचेही मी.

पाचव्या वर्षी उतिआमा झाली. बाळंतपण इतकं वाईट गेलं की शिताइमाला उठून बसवेना. नवसाचे दिवस भरत आले. मग एका दुपारी जिला उठवत नव्हतं ती बाई छपराच्या शिडीवर निम्म्यात चढलेली सापडली. खाली उतरवलं तर हसत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

याउशाली काका आमचे मराकामे. आजारी माणसापाशी तेच गातात, देवाशी बोलायचं तर तेच बोलतात. ते म्हणाले, "नवस ज्याचा, पाय त्याचेच. तिला बांधून ठेवा. मी पाच दिवस गातो आणि मुदत मागून घेतो."

"पाच दिवस?" शिताइमाचा नवरा मात्सिवा उसळला. "काका, पाच दिवसांत ती छपरावरून गेली तर पोरीला तुम्ही दूध पाजणार का?" आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही जा. तिचा परकर घाला, तिच्या माळा घाला. झुडपाला काय समजतंय?"

मला हो म्हणायला नको होतं. पण बहीण माझी होती. त्या दिवसांत मीही तिच्यासोबत अळणीच खात होते. सकाळी मी तिचा परकर नेसले, तिचा रुमाल डोक्याला बांधला आणि निघाले.

कड्यावर पोचले तेव्हा ऊन टाळूवर होतं. खडकाच्या भेगेतून ते झाड बाहेर लोंबत होतं आणि मोठमोठी पिवळी फुलं खाली दरीकडे तोंड करून होती. वारा पाठीवर होता. मी सामान मांडलं, मेणबत्ती लावली आणि म्हणाले, "मी शिताइमा. पाचव्या वर्षाचं घेऊन आलेय."

वारा थांबला.

एक पान हलेना. माशीसुद्धा घोंगावेना. मग वारा समोरून आला, हळूच, आणि त्याच्याबरोबर वास. पिकलेल्या केळ्यात ओलं खोबरं कुस्करावं तसा गोड. मी श्वास कोंडला. पण किती वेळ कोंडणार?

"बस की," कुणीतरी म्हणालं. शेजारीण म्हणते तसं, अगदी सहज.

मी बसले. बसायचं नाही हे मला ठाऊक होतं, तरी बसले. समोरच्या डोंगरांच्या कडांना टाके पडायला लागले. लाल, मग निळे, मग ज्याला नाव नाही असा एक रंग. प्रत्येक टाक्याला आवाज होता, आणि माझी बोटं मांडीवर आपोआप चालत होती. भीती कुठल्या कुठे गेली. उलट इतकं बरं वाटत होतं की मला रडू फुटलं. देव म्हणतात तो हाच, आणि इतकी वर्षं आपण भलतीकडेच डोकं टेकत होतो, असं वाटलं. दरी समोर होती, पण ती खोल वाटेना. कुणी कापड अंथरून ठेवावं तशी सपाट दिसत होती. त्यावर एक टाका राहिला होता. तो मीच घालायचा होता, पाऊल टाकून.

"ये शिताइमा…" तोच आवाज म्हणाला. "ये…"

मी उभी राहिले. एक पाय उचलला. आणि तान्हं मूल रडलं. टाहो फोडून, माझ्या मागे हातभर अंतरावर. ते उतिआमाचं रडणं होतं, मी काय ओळखणार नाही का? मी वळले. मागे नुसता खडक होता. पुढे बघितलं तर माझ्या एका पायाखाली काही नव्हतं.

पळत कशी आले ते आठवत नाही. मेणबत्ती लावून चार घोट पाणी प्यावं इतकाच वेळ गेल्यासारखा वाटत होता, पण गावात शिरले तेव्हा सूर्य बुडत होता. शिताइमा दारात बसली होती. शुद्धीवर, भुकेली, मात्सिवाला नावं ठेवत. मी तिच्या गळ्यात पडले. "पोर फार रडली का गं?" मी विचारलं.

"छे. सकाळपासून उठलीच नाही. हलवलं, पाणी लावलं, काही नाही. माझा तर जीव उडाला होता. आत्ता तू उंबऱ्यात पाय ठेवलास आणि डोळे उघडले बघ तिनं."

त्यानंतर शिताइमाला कधी सुईत दोरा ओवता आला नाही. आणि मी, जिला बटण लावता येत नव्हतं, तिनं तिचं अर्धवट राहिलेलं हरीण त्या आठवड्यात पुरं केलं. शिताइमानं ते कापड हातात घेऊन टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "ताई, तू मला वाचवलंस. आणि माझं होतं ते तू घेऊन आलीस." दोन्ही खरं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, त्या फुलाच्या वासानं डोकं फिरतं, बाकी काही नाही. असेलही. पण मग मी न मागितलेला हात मला कुणी दिला? आणि हात मिळाला तसा नवसही माझाच झाला. पाच वर्षं गेले, वाटलं सुटले. सहाव्या वर्षी गेले नाही, तर भर दुपारी विहिरीच्या काठावर उभी सापडले. तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नाही. सगळी मिळून वीस वर्षं.

"म्हणून तू जायचं नाहीस," मी उतिआमाला म्हणाले. मला हुंदका आवरेना. "माझं जे व्हायचं ते होऊ दे. तू जाशील तर माझ्या गळ्यातलं तुझ्या गळ्यात पडेल. तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

ती घेवडा निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी… मी जाऊन आले."

"कुठं?"

"आज शाळेला सुट्टी होती. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस."

मी तिचं मनगट धरलं. "नाव… नाव कुणाचं सांगितलंस?"

"माझंच सांगत होते. खोटं कशाला बोलू? म्हटलं, मी उतिआमा, मावशीचं सामान घेऊन आलेय."

"बसलीस?"

"नाही. वाराही पाठीवर होता."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे पोरीनं माझ्यासारखी चूक केली नव्हती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, हसलेसुद्धा. ती मात्र हसली नाही.

"फक्त एक झालं," ती म्हणाली. "तिथल्या आवाजानं माझं बोलणं पुरतं ऐकूनच घेतलं नाही. मध्येच म्हणाला… आज उशीर केलास. रोज तर उजाडताच येतेस."

"तू याआधी कधी…?"

"कधीच नाही, मावशी. वाट दोनदा चुकले मी…"

मी तिला आतल्या बाजूला झोपवलं, दाराला अडसर घातला आणि दारालाच पाठ लावून बसले. गुडघे ठणकताहेत, पण मी इथून हलणार नाही. आता झुंजूमुंजू होतंय. उतिआमा गाढ झोपली आहे, हाक मारली तरी हूं की चूं करत नाही, तान्हेपणी त्या दिवशी उठत नव्हती तशीच. आणि बाहेर, खालच्या पायवाटेनं, कुणीतरी कड्याकडे निघालंय. पाऊल उतिआमाचंच आहे, मला ओळखू येतं…