अर्धवट बसलेली साइट

फोन वाजला तेव्हा फखरुन्निसा पारकरच्या तव्यावर घावन होतं. पोलीस ठाण्यातून तिथला अधिकारी मेजर बदर बोलत होता. एक भारतीय ड्रायव्हर मालकाच्या मृत्यूची कबुली देतोय, कोकणी मराठीशिवाय धड काही बोलत नाही, सही घ्यायच्या आधी दुभाषी हवी. ताबडतोब.

घावन करपलंच.

फखरुन्निसा कुवेतमध्ये अरबी शाळेत शिकली होती आणि घरात रत्नागिरीची बोली बोलत मोठी झाली होती. दुभाष्यानं स्वतःचं डोकं घरी ठेवून यावं, असं एका वकिलानं तिला सुनावलं होतं. तिनं त्या वकिलाकडे पुन्हा काम केलं नाही.

मेलेला माणूस म्हणजे हमद, कुवेतच्याच फिंतास भागातला जुना नेमबाज आणि अर्दिया भागात खाण्यापिण्याच्या मालाचं गोदाम असलेला व्यापारी. परवा दुपारी तो आपल्या दिवाणखान्यामागच्या कामाच्या खोलीत, छातीत गोळी लागून मेलेला सापडला. समोर कामाच्या बाकावर लोखंडी शिकंज्यात त्याचं स्वतःचं पिस्तूल आवळलेलं. बाजूला हातोडी आणि पंच, म्हणजे ठोकताना मध्ये धरायचा पितळी दांडा. दोन्हींवर साबीरच्या बोटांचे ठसे.

साबीर श्रीवर्धनचा. हमदची मुलगी हिबा बालवाडीत होती तेव्हापासून या घरात गाडी चालवत होता. आता खुर्चीच्या कडेवर बसून तो शाळेतल्या पोराच्या पाठांतरासारखं बोलत होता.

"आपा, मी ठोकत व्हतो. नवी साइट, लय घट्ट. गोळी सुटली. असंच लिवा."

साइट म्हणजे नेम धरताना डोळ्यासमोर येणारा पिस्तुलावरचा खाचेचा तुकडा, हे मेजरनं तिला समजावलं. मागची साइट आडव्या खोबणीत आडवी सरकवून बसवतात. नवी असली की ती घट्ट जाते, मग लोक घरीच ठोकाठोक करतात. त्यानं फोटो पुढे सरकवला. खोबणीत काळा तुकडा अर्धवट घुसलेला होता, कोपरे घासून पांढरे पडलेले.

नव्या वस्तूचे कोपरे इतके घासलेले कसे, म्हणून फखरुन्निसानं फोटो जरा जास्तच वेळ पाहिला. मग तिनं साबीरला विचारलं, "नवी साइट दिसायला कशी आहे, साबीरभाय?"

"हिरव्या ठिपक्यांची. साहेबांना काळी आता दिसत नव्हती, म्हणून मागवलीन."

"मग ही कुठली?"

साबीरनं फोटोकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे दगडाला पाझर फोडणंच होतं. हळूहळू निघालं ते एवढंच. सकाळी साहेबांबरोबर त्यानं जुनी साइट ठोकून काढली, तेव्हाचे ठसे. दुपारी तो आपल्या खोलीत झोपला होता. आवाजानं जाग आली, बाहेर टायर फुटला असं वाटून थोडा पडून राहिला; मग उठून गेला, तर साहेब गेलेले. नंतर साहेबांचा पुतण्या तलाल आणि गोदामाचा मॅनेजर नीरज दोघांनीही त्याला समजावलं, की तुझे ठसे आहेत, खुनाला फाशी आहे. अपघात म्हण, घरचे माफ करतील, गावाला पाठवतील.

"आणि तू ऐकलंस?"

"हिबाबेबी माझ्या तोंडावर बोलली, तू माझ्या बाबाला मारलंस. त्यावर अजून काय सांगू मी?"

फखरुन्निसाला त्याचा राग आला आणि रडूही आलं. तिनं दोन्ही गिळलं. मेजरला म्हणाली, हा कागद आज राहू दे. मेजरनं संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं, तेही कपाळाला आठ्या घालून.

तिथून ती हमदच्या घरी गेली. तिथे साबीरची बायको जमिला स्वयंपाक बघायची. पोलिसांनी कामाची खोली उलटीपालटी केली होती, स्वयंपाकघरात कोणी फिरकलं नव्हतं. रडून जमिलाचे डोळे सुजले होते, पण जीभ शाबूत होती. साहेब माणूस सोन्याचा, म्हणाली, फक्त माझ्या फ्रीजरची वाट लावायचे. मासळीत लोखंड.

"कसलं लोखंड?"

जमिलानं सुरमईच्या तुकड्यांखालून एक पुडी काढली. आत बोटाच्या पेराएवढा नवा कोरा तुकडा होता, त्यावर दोन हिरवे ठिपके.

घट्ट साइट गारठवली की केसभर आक्रसते आणि खोबणीत सरकते, ही हमदची जुनी रीत. साबीरला ठाऊक होती, जमिलाला ठाऊक होती, काकाकडेच नेमबाजी शिकलेल्या तलाललाही ठाऊक होती. त्या दिवशी सकाळीच साहेबांनी पुडी ठेवलीन, असरच्या, म्हणजे दुपार उतरतानाच्या नमाजानंतर बसवणार होते, जमिलानं सांगितलं. बाहेरून कोण आलं होतं ते तिला माहीत नव्हतं. दिवाणखान्याला रस्त्याकडून वेगळं दार, त्या दारानं कोण आलं-गेलं ते घरातल्यांना कधीच कळत नसे.

आणि आदल्या रात्री साहेब जेवले नव्हते. बाळांच्या दुधाच्या पावडरचा एक डबा समोर ठेवून बसले होते. घरात तान्हं मूल नाही, मग हा डबा कशाला, म्हणून तिनं विचारलं तर ताट उचल म्हणाले. डबा अजून कपाटावर होता. तळाची तारीख खरवडून वर नवी छापलेली होती.

संध्याकाळी मेजरनं तलाल आणि नीरज दोघांना बोलावलं. हिबाही आली आणि भिंतीशी उभी राहिली. साबीर कोपऱ्यात होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

नीरज पुण्याचा, नीटनेटका, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. मेजरचे प्रश्न फखरुन्निसा त्याला मराठीत विचारत होती.

"नवी साइट मागवली कोणी?"

"ऑफिसच्या नावावर मीच मागवली, मॅडम. पार्सल आलं तसं बंदच सरांना दिलं."

"उघडून नाही पाहिलंत?"

"छे. दुसऱ्याचं पार्सल कशाला उघडू?"

"अंगठ्याला काय झालं?"

"गोदामात पत्रा लागला."

फखरुन्निसानं पुडी टेबलावर उघडली. हिरवे ठिपके बघून नीरजच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्याला ते काय आहे हेच कळलं नव्हतं. तलाल मात्र लगेच म्हणाला, "ही काकाची नवी साइट. फ्रीजरमध्ये होती ना?"

मग फखरुन्निसा मेजरकडे वळली आणि, दुभाषीचं काम बाजूला ठेवून, स्वतःचं बोलली.

"साहेब मेले तेव्हा नवी साइट मासळीखाली होती. म्हणजे त्या वेळी ठोकाठोक चाललीच नव्हती. कोणीतरी आधी गोळी घातली, पिस्तूल पुसलं, शिकंज्यात आवळलं आणि अपघाताचा देखावा मांडला. देखाव्यासाठी त्याला अर्धवट बसलेली साइट हवी होती. बाकावर एकच पडलेली दिसली. ती जुनी होती, सकाळी काढलेली. तीच नवी समजून त्यानं खोबणीत दाबली.

"साबीरनं ही चूक केली नसती, तलालनं केली नसती. दोघांनाही नवी कुठे असते ते माहीत होतं. चूक करेल असा माणूस एकच. साइट बदलायची आहे हे त्याला माहीत, पण नवी त्यानं कधी पाहिलेलीच नाही. पार्सल बंदच दिलं, असं तो आत्ताच म्हणाला.

"हातोडीचा आवाज करायची सोय नव्हती, म्हणून त्यानं अंगठ्यानं रेटली. त्या तुकड्याच्या कडा धारदार असतात. वर लागलेलं रक्त पुसता येतं, खोबणीत गेलेलं नाही. मेजर, तुम्ही हातोडी तपासली, पंच तपासला. साइट खोबणीतून काढून खालून बघितली का?"

सकाळपर्यंत मेजरनं बघितली नव्हती. पण दुपारी हमदच्या घरून तिनं फोन केल्यावर त्यानं ती काढायला लावली होती. आता त्यानं प्रयोगशाळेचा कागद पुढे ठेवला. खोबणीत दबलेल्या बाजूला रक्त होतं. त्याचा गट हमदचा नव्हता, साबीरचाही नव्हता.

"डबाही सापडलाय," फखरुन्निसा नीरजला मराठीत म्हणाली. "पोरांच्या दुधावरच्या तारखा तुम्ही बदलत होतात. साहेबांनी जाब विचारायला बोलावलं आणि तुम्ही रस्त्याच्या दारानं आलात."

नीरजनं चिकटपट्टीवर दुसरा हात ठेवला.

"ते दुसऱ्या दिवशी पोलिसांत जाणार होते," तो म्हणाला. "पिस्तूल समोर होतं, गोळ्या ड्रॉवरमध्ये. मी विचार नाही केला."

"साबीरला अडकवताना केलात," ती म्हणाली.

त्याला घेऊन गेले. मेजरनं कबुलीचा पहिला कागद फाडला आणि साबीरला मोकळं केल्याचं सांगायला तिला खूण केली. तिनं सांगितलं, मराठीत, दोनदा. साबीर उठला नाही.

हिबा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. साबीर तिच्याकडे पाहत राहिला. मग तो फखरुन्निसाला हळूच काही म्हणाला.

"काय म्हणतोय?" मेजरनं विचारलं.

"काल असरला साहेबांना दफन केलं," ती म्हणाली. "हा तेव्हा तुमच्या कोठडीत होता. विचारतोय, कबर कुठे आहे."